प्रत्येक पायपात पूर्ण

रविवार, ३ मार्च

आज आईला ताईकडे पोचवलं. फेब्रुवारी माझा होता, मार्च ताईचा, एप्रिल दादाचा, मग पुन्हा मी. गाडीत बसताना आईने विचारलं, "आता कुठे टाकतोयस मला?"

"ताईकडे."

"पत्ता नीट लिही बाबा. नाही तर परत तुझ्याच दारात येऊन पडेन."

गाडीवाला हसला, आई हसली, आणि तिला खोकला लागला. हसली की लागतोच. म्हणून मी हल्ली तिला हसवायचं टाळतो. पण ती स्वतःच स्वतःला हसवते, त्याला काय करणार. निम्मं आयुष्य तिने गाद्यांच्या कारखान्यात कापूस पिंजण्यात घालवलं. तो अजून छातीत आहे असं डॉक्टर म्हणतात. म्हणजे कापूस नव्हे, त्याची धूळ.

वाफेच्या औषधाचं छोटं मशीन तिच्या पिशवीतच असतं, ते तिच्याबरोबर फिरतं. ऑक्सिजनची सोय मात्र मी नीट विचार करून लावली आहे. दादाकडे विजेवर चालणारं मोठं मशीन. माझ्याकडे भाड्याचा सिलिंडर. ताईकडे काही नाही, कारण ताईचं घर आमच्या दोघांच्या बरोबर मधोमध येतं. मी दोन्हीकडचं अंतर मोजून बघितलं होतं. तसाही ऑक्सिजन वर्षातून दोन-तीन वेळाच लागतो. दादा तेव्हा म्हणाला होता, "आठवीत शाळा सोडलीस, पण डोकं बरं चालतं तुझं."

ताईने दारातच विचारलं, "सिलिंडर नाही आणलास?"

"तो माझ्याकडे असतो ना. दादाकडे मशीन, माझ्याकडे सिलिंडर. तू मध्ये. म्हणजे तुला दोन्ही."

"माझ्याकडेच एखादा असता तर? हे गाडीवर गेले की आठ-आठ दिवस येत नाहीत. मी एकटीच असते." भावोजी ट्रक चालवतात.

मी तिला अंतराचं पुन्हा समजावलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "तुला कळतं त्यातलं," आणि आईची पिशवी आत घेऊन गेली.

खोली आज मोठी वाटते. वाफेच्या औषधाचा वास अजून उशीला आहे.

सोमवार, ४ मार्च

मोठी बातमी. बर्फाच्या कारखान्याचं मुख्य फीडरचं काम फोरमनने माझ्यावर सोपवलं. फीडर म्हणजे मेन स्विचपासून मशीनघरातल्या पॅनेलपर्यंत जाणाऱ्या जाड तारा. करंट इतका आहे की एका तारेत मावणार नाही, म्हणून चार पाइप, आणि प्रत्येक पायपात सारख्याच तारा. चौघांनी मिळून पालखी उचलावी तसं.

फोरमन दुसऱ्या कामावर जाणार आहे, पुढच्या सोमवारी येईल. जाताना म्हणाला, "लंबू ओढेल, तू बघ. लंबूला डोकं लावू देऊ नकोस."

माझा जोडीदार लंबू म्हणाला, "आहे कुठे लावायला?"

मला रात्री नीट झोप लागेल असं वाटत नाही. पहिल्यांदाच कुणीतरी मला ‘तू बघ’ म्हणालं.

बुधवार, ६ मार्च

अर्थिंगच्या तारेचा प्रश्न आज सुटला. फेजच्या तारांचे आकार नकाशात दिले आहेत, पण अर्थिंगसमोर नुसतं ‘तक्त्याप्रमाणे’ असं लिहिलं आहे. बिघाड झाला तर करंट याच तारेवरून परत जातो आणि ब्रेकर पडतो, म्हणून मी ती घाईघाईत ठरवणार नव्हतो. तक्ता काढला. एवढ्या मोठ्या मेन स्विचला पंचाण्णवची, म्हणजे पंचाण्णव चौरस मिलिमीटरची तार लागते. पाइप चार. फेजची तार चार ठिकाणी वाटली आहे, तशी हीही वाटायची. पंचाण्णव भागिले चार, पावणेचोवीस. तसली तार बाजारात मिळत नाही, म्हणून वरचा आकार घेतला, पंचवीस. चार पंचवीस शंभर. म्हणजे हवी त्यापेक्षा पाच जास्तच.

तीनदा तपासलं. लंबूला दाखवलं. तो म्हणाला, "मला काय दाखवतोस, मला ओढायला सांग."

शनिवार, ९ मार्च

चारही पाइप भरून झाले. पाइप प्लास्टिकचे आहेत, तारा पावडर लावून सरसर गेल्या, फक्त तिसऱ्याच्या वळणावर अडल्या. पंचवीसची हिरवी तार जाड तारांच्या कडेने कशी नाजूक दिसते. टोकं एका रेषेत कापली, चिठ्ठ्या लावल्या, अक्षर नीट काढलं.

संध्याकाळी ताईला फोन केला. आई ठीक आहे. सकाळी थोडा दम लागतो म्हणाली. आईने फोन घेतला आणि विचारलं, "बर्फ झाला का तयार? मला एक लादी पाठव. ताईचा पंखा नुसताच मान हलवतो, वारा काही देत नाही."

सोमवार, ११ मार्च

लिहावंसं वाटत नाही, पण लिहितो.

फोरमन सकाळी आला, पॅनेलचं झाकण उघडलं, खिशातली लवंग तोंडात टाकली आणि हिरव्या तारेला बोट लावून म्हणाला, "ही कसली शेपटी?"

"अर्थिंगची तार."

"किती?"

"पंचवीस. चार पायपांत चार, मिळून शंभर. तक्त्यात पंचाण्णव आहे, म्हणजे पाच जास्तच."

लंबू हसला. त्याला वाटलं मी शाबासकी मिळवणार. फोरमन हसला नाही. त्याने मला बाजूच्या खोक्यावर बसवलं.

"फेजच्या तारा चार ठिकाणी का वाटल्या?"

"भार वाटला जावा म्हणून."

"बरोबर. भार रोजचा. तो चौघांत वाटून घेता येतो. आता सांग, उद्या तिसऱ्या पायपात, त्या वळणावर, एखादी तार सोलली गेली आणि शॉर्ट झाली, तर बाकीचे तीन पाइप काय करतील?"

मी तिसऱ्या पायपाच्या वळणाकडे बघितलं.

"त्यांचं काय जातंय? लांबून बघतील. बिघाडाचा मोठा लोंढा त्या एकाच पायपातल्या हिरव्या तारेवर येणार. तुझी पंचवीसची तार वातीसारखी जळून जाईल. ब्रेकर पडायच्या आधी ती तुटली, तर मशीनचं अंग जिवंत. खाली फरशीवर बर्फाचं पाणी. आणि लादी उचलणारा माणूस आधाराला मशीनवरच हात ठेवतो."

"पण सगळ्या मिळून शंभर..."

"सगळ्या मिळून कधीच नसतात रे! बिघाड येतो तो एकाच्या घरी येतो. तक्ता मेन स्विच बघून तार सांगतो, पाइप मोजून नाही. चार पाइप, तर चारही पायपांत पूर्ण पंचाण्णव. यात वाटणी नसते." मग उठून म्हणाला, "हिशेब पैकीच्या पैकी आणि माणूस आडवा. वा, हिशेबनीस."

दिवसभर सगळे मला हिशेबनीस म्हणत होते. अगदी रंगारीसुद्धा, ज्याला काय झालं ते माहीतही नाही.

एक गोष्ट मला खरंच समजली नव्हती, ती आता समजली. चित्र काढून बघितलं. चार रेघा, एकीवर फुली. फुली कुठेही काढली तरी उत्तर तेच येतं.

मंगळवार, १२ मार्च

सगळ्या तारा बाहेर काढून पुन्हा ओढायच्या. जुन्या तारांच्या शेजारून जाड तार घुसवली तर साल निघेल, म्हणून काही शॉर्टकट नाही. तपासनीस या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात येणार. फोरमनने साहेबाला सांगितलं, "माझ्या पोराला मी नीट सांगितलं नव्हतं." मी तोंड वर केलं नाही.

संध्याकाळी ताईचा फोन. आईला काल दुपारी पण दम लागला, वाफ दिल्यावर बसला. डॉक्टरांनी औषध वाढवलंय. इकडचं तिकडचं बोलून मग म्हणाली, "तुझ्याकडचा सिलिंडर तर आता नुसताच उभा असेल ना?"

खरं आहे. आई माझ्याकडे नाही, तर तो नुसताच उभा आहे. मी दादाला फोन केला. दादा म्हणाला, "मग दे ना नेऊन. माझं मशीन हलवायचं तर दोन माणसं लागतात, आणि एप्रिलमध्ये परत आणायचं." मी म्हटलं, पण एप्रिलला आता किती दिवस राहिले, मशीनच तिथे नेऊन ठेवलं तर माझा सिलिंडर हलवावा लागणार नाही. त्याचंही बरोबर आहे, माझंही बरोबर आहे. शेवटी मी म्हटलं, रविवारी मीच नेतो.

ताईला कळवलं. ती म्हणाली, "आण हं नक्की." मागून आईचा आवाज आला, "काही नको, त्याला कामं आहेत. आणि ते लोखंडी नळकांडं बघितलं की मला कारखान्याचा मुकादम उभा असल्यासारखं वाटतं."

गुरुवार, १४ मार्च

दोन पाइप रिकामे केले, एक भरला. पंचाण्णवची तार हातात घेतली की कळतं ती का लागते. मनगटाला वळत नाही. लंबू ओढताना शिव्या देतो, पण ठेक्यात देतो, त्यामुळे काम बरं होतं. "हिशेबनीस! पुढच्या वेळी! भागाकार! करू! नकोस!" प्रत्येक शब्दाला एक हिसका.

तिसरा पाइप फोरमनने स्वतः उभं राहून भरून घ्यायचं ठरवलंय. वळण तिथेच आहे.

मला भीती वाटते ती लोकांची. म्हणजे बर्फ उचलणाऱ्यांची. त्यांच्यापैकी कुणालाच मी ओळखत नाही, कारखाना अजून सुरूही झालेला नाही. तरी कालपासून मला एक माणूस दिसतो, रबरी बूट घातलेला, मशीनवर हात ठेवून दम खाणारा.

रविवार, १७ मार्च

आज जायला जमलं नाही. काल कामावरून निघताना फोरमन म्हणाला, "उद्या येशील? तिसरा पाइप उरकून टाकू. जबरदस्ती नाही." त्याने माझ्यासाठी साहेबापुढे मान खाली घातली, त्याला मी नाही कसं म्हणणार. आणि मला स्वतःला तो पाइप नीट भरलेला बघायचा होता.

दुपारच्या सुट्टीत ताईला फोन केला. म्हटलं, बुधवारी सुट्टी मिळेल, बुधवारी आणतो. ताई म्हणाली, "बरं." एवढंच.

आईशी बोललो. दोन शब्द, मग श्वास, पुन्हा दोन शब्द. तरी बोलणं सोडत नाही. "जेवलास का? काय जेवलास? खोटं बोलू नकोस, मला इथून वास येतो." मी तिला तारेचं सांगितलं, की कसं चारही पायपांत पूर्ण जाडीची तार लागते, वाटून चालत नाही. ती म्हणाली, "छान. म्हणजे कुणाला शॉक लागणार नाही ना?"

"नाही लागणार."

"मग कर पुरं. माझं काय, मी कुठे जातेय? तुम्ही न्याल तिकडे."

तिसरा पाइप झाला. वळणावरून तार जाताना फोरमनने पायपाला कान लावला होता. घासल्याचा आवाज आला नाही. तो म्हणाला, "आता ठीक." मला खूप बरं वाटलं.

बुधवार, २० मार्च

आई काल गेली.

शुक्रवार, २२ मार्च

आज लिहून ठेवतो. नाही लिहिलं तर मी रोज थोडं वेगळं आठवेन.

मंगळवारी दुपारी आम्ही चौथा पाइप ओढत होतो. मी खालच्या टोकाला तार भरत होतो, लंबू वरून ओढत होता. तार ओढताना फोन पेटीत ठेवायचे, हा फोरमनचा नियम आहे. पूर्वी कधीतरी एकाचं लक्ष फोनकडे गेलं आणि दुसऱ्याचं बोट गेलं, तेव्हापासून. पेटीत माझा फोन वाजत होता. सुताराने ऐकला, पण दुसऱ्याच्या फोनला हात कशाला लावा म्हणून राहिला. त्याची काही चूक नाही.

ताईने ॲम्ब्युलन्सला फोन केला, मग दादाला. दादा घरी होता. मशीन एकट्याला जिन्यावरून उतरवता येईना, वहिनी कामावर. म्हणून तो सिलिंडर आणायला माझ्या खोलीकडे धावला. खोलीला कुलूप. किल्ली माझ्या खिशात. खालच्या सायकलवाल्याकडून त्याने हातोडा मागून घेतला.

ताईने आईला खिडकीशी बसवून मागून धरलं होतं. वाफ देऊन झाली होती, श्वासाचा पंप तोंडात मारून झाला होता. ॲम्ब्युलन्स वाटेत होती, दादा वाटेत होता, फोन कळल्यावर मीही वाटेत होतो. सगळेच वाटेत होतो.

दादा सिलिंडर खांद्यावर घेऊन वर चढला तेव्हा ताईने दार उघडलं आणि नुसती बाजूला झाली.

मी पोचलो तेव्हा आईचे केस ताईने विंचरून ठेवले होते.

रविवार, २४ मार्च

माझ्या दाराचं कुलूप तुटलंय, कोयंडाही वाकला आहे. पाच दिवस दार नुसतं लोटलेलं होतं, कुणी काही नेलं नाही. कोयंडा सरळ करायला घेतला आणि तसाच ठेवला.

किती वेळ कुठे गेला ते मांडून बघतो आणि खोडतो. कुलूप नसतं तर. मी पेटीजवळ असतो तर. रविवारी फोरमनला नाही म्हटलं असतं तर. वहिनीला त्या दिवशी सुट्टी असती तर. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येतं. अंतरही पुन्हा मोजलं. ताईचं घर मधोमधच आहे. ते बरोबर होतं.

दादाकडे लोक भेटायला येतात. दादा दारापासून सांगत आणतो, "ताईकडे असताना गेली." कुणी विचारायच्या आधीच सांगतो. ताई कोपऱ्यात बसते, चहाच्या कपांकडे बघते.

सोमवार, २५ मार्च

सिलिंडर ताईकडून घेतला. दाराआड उभा होता, दादाने ठेवला होता तसाच. ताईने मला पाणी दिलं. ते मी उभ्यानेच प्यायलो. भावोजी परत आलेत. ते म्हणाले, "मी धरू का एका बाजूने?" मी म्हटलं, नको, एकट्याला जमतो.

दुकानदाराने काटा बघितला. "भरलेलाच आहे की! लागलाच नाही?"

"नाही."

"नशीबवान आहात. आमच्याकडे सगळे रिकामेच परत येतात."

मी पावती घेतली आणि बाहेर आलो. मग लक्षात आलं की त्याच्या ‘नशीबवान आहात’ला मी ‘हो’ म्हणालो होतो.

बुधवार, २७ मार्च

आज तपासनीस आला. फोरमन म्हणाला होता, आला नाहीस तरी चालेल. मी गेलो. घरी बसून काय करू.

चौथा पाइप लंबूने आणि फोरमनने मिळून पुरा केला होता. टोकं मी कापतो तशीच कापली होती आणि चिठ्ठ्याही लावल्या होत्या. लंबूचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण ‘अर्थिंग’ त्याने बरोबर लिहिलं होतं. कुणाला तरी विचारून लिहिलं असणार.

तपासनीसाने चारही पायपांतली हिरवी तार मोजली. "प्रत्येकात पूर्ण? वा. निम्मे लोक इथेच चुकतात. वाटून टाकतात." फोरमनने माझ्याकडे बघितलं नाही, आणि मला हिशेबनीसही म्हणाला नाही. आज कुणीच म्हणालं नाही.

मेन स्विच वर केला. मशीन सुरू झालं, आधी कण्हल्यासारखं, मग एकसारखं. फोरमनने मशीनच्या अंगावर तळहात ठेवला, ओल्या फरशीवर उभं राहून. मी आपोआप ब्रेकरकडे बघितलं.

"बघ," तो म्हणाला. "आता कुठल्याही पायपात काही होऊ दे. ज्याच्याकडे होईल, त्याच्याकडे पुरेसं आहे."

मला एकदम खाली बसावंसं वाटलं. बसलो. लंबूने पाणी आणलं. सगळ्यांना वाटलं, आईची आठवण आली. तसंही असेल. पण मी त्या वेळी आईचा विचार करत नव्हतो. ताई दारात उभी आहे आणि सिलिंडरचं विचारते आहे, एवढंच दिसत होतं.

शनिवार, ३० मार्च

आज मावशी आली. आईची धाकटी बहीण, लांब राहते, आजारी होती म्हणून आधी येता आलं नाही. दादाकडे सगळे जमलो. वहिनीने चहा केला. ताई कप विसळून देत होती, पुसून ठेवत होती, ठेवलेले पुन्हा पुसत होती.

दादा म्हणाला, "ताईकडे असताना गेली."

मावशीने ताईचा हात धरला. रागाने नाही, रडतच म्हणाली, "अगं, तुला कळलं कसं नाही? तिचा श्वास लागला की काय करायचं ते घरात आधी तयार नको का? तू तर शहाणी मुलगी."

ताई म्हणाली, "चुकलंच माझं, मावशी."

ती ते इतक्या सहज म्हणाली की मला कळलं, ती रोज म्हणते आहे. कुणी नसतानाही.

मी म्हटलं, "मावशी, ताईकडे काही नव्हतंच."

"म्हणजे?"

"मशीन दादाकडे. सिलिंडर माझ्याकडे. आणि आई ताईकडे."

दादा म्हणाला, "आता ते कशाला काढतोयस? झालं ते झालं."

"तिने मागितला होता. एकदा दारात, एकदा फोनवर. मी तिला अंतर समजावून सांगितलं."

"तूच म्हणाला होतास, मधोमध आहे म्हणून."

"हो. मीच. तू मला शाबासकी दिलीस." माझा आवाज चढला होता, तो मी खाली आणला. "मधोमध असून काय उपयोग? दम तिच्या घरात लागला. तिथे पूर्ण सोय हवी होती. तिघांकडेही पूर्ण हवी होती. यात वाटणी करायची नसते, दादा. मी केली. ताईने केली नाही."

दादाने कप खाली ठेवला. तो बशीत नीट बसला नाही, कलंडला. वहिनीने फडकं आणलं. दादा मावशीला म्हणाला, "हातोडा मागायला सुद्धा मला वेळ लागला गं. सायकलवाला गिऱ्हाईकाशी बोलत होता. मी थांबलो. थांबलो मी, त्याचं बोलणं संपेपर्यंत." आणि दादा रडला. आईला नेलं तेव्हासुद्धा तो रडला नव्हता.

मावशीने त्याला जवळ घेतलं. दुसरा हात ताईसाठी लांबवला, पण ताई तिथे नव्हती.

ती आत गेली होती. नळ सोडल्याचा आवाज आला, मोठा, आणि बराच वेळ येत राहिला. मी उठून दारापर्यंत गेलो, पण आत गेलो नाही. भांडी सगळी मघाशीच धुऊन झाली होती.